आकाराम मिस्त्री चुकतोय व्हय!

कोल्हापुरात जुन्या जीपवाल्यांचे देव दोन. एक जोतिबा, डोंगरावर बसलेला. दुसरा आकाराम मिस्त्री, शिवाजी उद्यमनगरात एका फौंड्रीच्या मागच्या गल्लीत स्टुलावर बसलेला. फरक एवढाच, की जोतिबा कुणाला शिव्या घालत नाही.

आकारामनं साठी ओलांडली आहे. त्यातली चाळीस वर्षं जीपच्या पोटाखाली उताणं पडून गेली. नवी कोरी गाडी गॅरेजच्या दारात आली तर हा बाबा स्टुलावरनं उठतसुद्धा नाही. "ह्यात मी काय बघू? कॉम्प्युटर बिघडलाय तर कॉम्प्युटरवाल्याकडं जावा की!" पण चारी चाकांनी ओढणारी जुनी जीप खडखडत आली, की गडी विडी टाकून उभा. मग ती मिलिटरीच्या लिलावातली असो, नाहीतर कुणाच्या आजोबानं घेतलेली असो. बॉनेटवर हात ठेवून तो आधी नुसता ऐकतो. इंजिनाचं ऐकतो, बरं का. माणसाचं ऐकण्याबद्दल त्याची ख्याती नव्हती.

या गाड्यांचे पार्ट मिळत नाहीत. कंपनीनं कधीच बंद केले. "कंपनीनं केलं बंद. आम्ही कुठं केलंय?" असं आकाराम म्हणतो, आणि ते खरंच आहे. बेळगावच्या भंगारात कुठल्या कोपऱ्यात काय पडलंय ते त्याला ठाऊक असतं. एकदा पुढच्या चाकाचा एक तुकडा कुठंच मिळेना, तर यानं तो उसाच्या एका ट्रॉलीखाली हुडकला. ट्रॉलीवाल्यानं जीपचा अख्खा कणा कापून तिथं लावला होता. आकारामनं त्याला दुसरा कणा बसवून दिला आणि आपला तुकडा काढून आणला. आणि जे कुठंच मिळत नाही ते चार गल्ल्यांत करून घ्यायचं. एक जण लाकडी साचा करतो, दुसरा ओततो, तिसरा लेथवर फिरवतो आणि गियरचे दाते पाडायला त्र्यंबकराव आहेतच.

त्याचे नियम दोन. खोललेल्या मालावर खडूनं खूण करायची नाही, पंच मारून ठिपके पाडायचे. खडू पुसतो, ठिपका पुसत नाही. आणि काम झालेली गाडी जोतिबाचा डोंगर चढून आल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची नाही. या दोन नियमांवर त्याचं नाव उभं होतं. गिऱ्हाईकं म्हणायची, मिस्त्री तोंडानं फाटका आहे, पण चुकत नाही. आकारामनं हे स्वतःच्या तोंडानं कधी म्हटलं नाही. कधी खोडूनही काढलं नाही.

तर जून संपत आला होता. सोमवारचा दिवस. पन्हाळ्याच्या मागच्या डोंगरातल्या चाफेवाडीची जीप ट्रॅक्टरला बांधून गॅरेजात आली.

जीप गणपतरावांची. पंचवीस वर्षं त्यांनी स्वतः चालवली. मग गुडघे गेले, आणि चार वर्षांपासून लेक चालवायला लागली. लेकीचं नाव संयोगिता. तिला दिलेलीही वाडीतच, त्यामुळं सासर-माहेर एकाच उंबऱ्यावर. रोज सकाळी डेअरीचे कॅन खाली न्यायचे. येताना पेंड, औषधं, शाळेतली पोरं, दवाखान्यातनं सुटलेली बाळंतीण, जे असेल ते वर आणायचं. पावसाळ्यात वाडीचा शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता म्हणजे निम्मा चिखल नि निम्मा मुरूम. तिथं ही एकच गाडी चढायची.

आकारामनं चारी चाकांना जोर वाटणारी पेटी उतरवून खोलली. आतल्या एका गियरचे तीन दाते उडून तळाशी पडले होते. तो हातातला पाना आपटून बाहेर आला.

"फोर व्हील टाकून डांबरावर पळवलीस न्हवं?"

"न्हाय मामा," संयोगिता म्हणाली. "चिखलातच टाकलंवतं. वर मुरमाचा चढ लागला, तशी पुढनं कुणीतर गाडी धरून ठेवल्यागत..."

"धरतंय कोण? भूत?"

गल्लीतली चार माणसं जमली होती, ती हसली. ट्रॅक्टर घेऊन आलेला धैर्यशील सगळ्यांत मोठ्यांदा हसला.

"मामा, मी काय सांगते ते ऐका तर. आदल्या दिवशीबी..."

"अगं, तू मला काय सांगतीस? चाळीस वर्षं हे दाते बघालोय मी. डांबरावर फोर व्हील टाकलं की हे असंच हुतंय. बाईमाणसाच्या हातातली वस्तू न्हाय ही. आणि गणपतराव, तुमीबी कमाल केलासा! जीप काय पोरीच्या हातात द्यायची वस्तू हाय?"

गणपतराव मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले. संयोगिताचा चेहरा लाल झाला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसली आणि गेली.

शब्द तोंडातनं सुटला, की पन्हाळा ओलांडायला त्याला पेट्रोल लागत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाफेवाडीला कळलं होतं, की गियर पोरीनं मोडला, आणि हे कुणी ऐऱ्यागैऱ्यानं नाही, आकाराम मिस्त्रीनं सांगितलंय. मंगळवारी गणपतरावांचा फोन आला. दूध संस्थेची रविवारी सभा आहे, चेअरमन सयाजीराव म्हणतात की गाडी धैर्यशीलनं चालवायची, नाहीतर दुधाचं काम काढून घेऊ.

"बरोबर हाय," आकाराम म्हणाला. "रविवारपतूर गाडी हुतीया. फिकीर करू नका."

गणपतराव म्हणाले, "पोरगी कालपासनं नीट जेवली न्हाय, मिस्त्री." आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी त्र्यंबकरावांनी निरोप धाडला. नवा गियर पाडायला म्हणून आकारामनं त्यांच्याकडं मोडका गियर आणि त्याची शाफ्ट दिली होती. त्र्यंबकराव हळू बोलणारा माणूस. त्यांनी शाफ्ट टेबलावर ठेवली आणि तिच्या खाचांवरनं बोट फिरवलं.

"आकाराम, ही बघितलीत? पीळ पडलाय हिला."

"डांबरावर पळवलीया, दुसरं काय!"

"एकदा चुकून पळवली तर दाता उडेल. पीळ नाही पडणार. पीळ पडायला रोज दोन्ही टोकांनी ओढाताण व्हावी लागते. तुमच्या गाडीचं पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडतंय."

"माझ्या हातनं गेलेल्या गाडीत भांडण?"

"मी काय, दाते पाडणारा माणूस. दिसलं ते सांगितलं," त्र्यंबकराव म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

आकाराम तणतणत परत आला. पण डोक्यात किडा शिरला होता. त्यानं जीपच्या मागच्या चाकांमधल्या गोळ्याचं, म्हणजे डिफरन्शियलचं, झाकण काढलं, तेल ओतून दिलं आणि आतल्या मोठ्या चक्राचे दाते मोजले. एकोणचाळीस. मग पुढच्या गोळ्याचं झाकण काढलं. त्रेचाळीस.

त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं एका दात्याला ग्रीसचं बोट लावून, तोंडानं मोठ्यांदा म्हणत मोजलं. दाते काही वाढले नाहीत नि कमी झाले नाहीत.

आता यातली गोम सांगायला हवी. चारी चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढचे आणि मागचे दाते सारखे लागतात. नसले तर पुढची चाकं सावकाश फिरायला बघतात आणि मागची जोरात. गाडी नुसती मागच्या चाकांवर चालवली तर वर्षभर काही कळत नाही. फोर व्हील टाकलं तरी चिखलात चाक घसरतं, म्हणून निभावतं. पण पायाखाली कडक जमीन आली, की मागचं ढकलतं आणि पुढचं धरून ठेवतं. पुढनं कुणीतरी गाडी धरल्यागत. पोरगी नेमकं हेच सांगत होती. आणि डोंगर चढून आल्याशिवाय गाडी न देणारा आकाराम ती गाडी जोतिबाला घेऊन गेला होता, ते डांबरावरनं. डांबरावर फोर व्हील टाकायचं नसतं, म्हणून यानं ते टाकलंच नव्हतं. कळणार कसं?

मग त्याला चैत्र आठवला.

जोतिबाच्या यात्रेचा आदला दिवस. गल्लीची सासनकाठी पहाटे निघायची होती आणि काठीला पहिला खांदा आकारामचा, गेली तीस वर्षं. गॅरेजात दोन जीप स्प्रिंगचे पाटे बदलायला उभ्या. एक गणपतरावांची, दुसरी राजारामपुरीतल्या उदयसिंहांची. दोन्हींचे मागचे कणे, म्हणजे गोळ्यासकट अख्खी हौसिंग, शेजारी शेजारी खाली ठेवलेली. बाहेरनं दोन्ही जुळ्या भावंडांसारखी. पंच सापडेना आणि हुडकायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं खडूनं नावं घातली. मग दोन्ही डिझेलनं धुतली, काळा रंग मारला आणि बसवली. खडू डिझेलबरोबर गटारात गेला. गणपतरावांचं हौसिंग उदयसिंहांच्या गाडीला, आणि उदयसिंहांचं गणपतरावांच्या.

आणि देवाशपथ, दोन्ही गिऱ्हाइकांनी येऊन सांगितलंही होतं! उदयसिंह म्हणाले होते, मिस्त्री, गाडी वेग घेईना, नुसती बोंबलतीया. त्यांचा कार्ब्युरेटर यानं दोनदा खोलून साफ केला. संयोगिता मे महिन्यात म्हणाली होती, मामा, चढाला ओढ कमी झालीया. तिला यानं सांगितलं, तुमच्या म्हशी दूध जास्त द्यायला लागल्या असतील.

आकाराम तिथंच, तेलाच्या थारोळ्याशेजारी, खाली बसला. त्याला लाज वाटली.

दुपारी बायको, शालूबाई, डबा घेऊन आली. गॅरेज घरापासनं हाकेच्या अंतरावर, पण नवरा जेवायला घरी येईल याची तिला चाळीस वर्षांत कधी खात्री वाटली नव्हती.

"जेवा."

"भूक न्हाय."

"भूक न्हाय? तुमाला? डॉक्टरला बोलवू काय?"

मग त्यानं सगळं सांगितलं. ती डब्याच्या झाकणावर हात ठेवून ऐकत राहिली.

"मग आता?"

"आता काय? उदयसिंहांच्या गाडीला आवाज येतोय म्हणून सांगतो, दोन्ही हौसिंग गुपचूप बदलतो, नवा गियर बसवतो. गाडी पैल्यासारखी. कुणाला कळणार हाय?"

"कुणाला न्हाय," शालूबाई म्हणाली. तिनं भाकरी मोडून ताटात वाढली. "त्या पोरीला तरी कुठं कळणार हाय! ती आपली मरंपतूर म्हणत बसंल, माझाच हात वाईट. लेकीला सांगंल, तू नको शिकू बाई, आपल्या बायकांला जमत न्हाय. खावा, आमटी निवाली."

आकारामनं खाल्लं. चार भाकऱ्या खाणारा माणूस त्या दिवशी एकीवर उठला, पण उठला तो ठरवूनच.

गुरुवारी सकाळी तो उदयसिंहांच्या बंगल्यावर गेला. उदयसिंह शौकीन माणूस. जीप पोर्चमध्ये आरशासारखी पुसून ठेवलेली, रविवारी पन्हाळ्याला भजी खायला जायची आणि कुणाच्या वरातीत मिरवायची. चिखल तिनं टीव्हीत तरी बघितला असेल की नाही, शंकाच आहे.

"या मिस्त्री! आज वाट चुकलासा?"

"वाट न्हाय, मी चुकलोय," आकाराम म्हणाला. "तुमच्या गाडीच्या पोटात दुसऱ्याची वस्तू हाय. ती न्यायला आलोय."

त्यानं सगळं सांगितलं. उदयसिंह आधी हसले. मग हसू थांबलं.

"शनिवारी भाच्याची वरात हाय. जीप लागणार. सोमवारनंतर न्या."

"रविवारच्या सभेआधी ती गाडी वाडीत पोचली पायजे. उद्या हितंच, तुमच्या अंगणात बदलतो. सांज व्हायच्या आत गाडी तुमच्या दारात उभी."

"आणि न्हाय झाली तर?"

"न्हाय झाली तर मला वरातीत घोड्याच्या जागी जुंपा."

उदयसिंह परत हसले, पण मान हलवून म्हणाले, "मिस्त्री, एक सांगू? बदला की गप. सांगत कशाला फिरालाय? उद्या गावभर झालं, की आकारामनं हौसिंगची अदलाबदल केली, तर माझ्यासारखी माणसं गाडी कुठं द्यायची?"

"ते तुमी बघा," आकाराम म्हणाला. "माझी जीभ सोमवारी चारचौघांत चाललीया. आता परत चारचौघांतच चालणार."

शुक्रवारी उजाडताच तो चाफेवाडीच्या जीपचं हौसिंग छोट्या टेम्पोत घालून राजारामपुरीत हजर झाला. पोर्चच्या फरशीवर पोती अंथरली आणि उताणा झाला. पाट्यांचे बोल्ट, ब्रेकची नळी, मागची लांब शाफ्ट. बासष्ट वर्षांचा माणूस, पाठीला पट्टा बांधून, दोन वाजेपर्यंत पाण्याच्या घोटाशिवाय खपत होता. उदयसिंहांच्या घरच्यांनी चहा आणून ठेवला तो गार झाला. चारला गाडी चाकांवर उभी राहिली. उदयसिंहांनी शाहू मिलपर्यंत चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाले, "आयला मिस्त्री, पळतीया की!"

"पळंल की. तुमचीच हाय आता."

यावेळी हौसिंग टेम्पोत चढवण्याआधी त्यानं त्यावर पंचानं तीन ठिपके मारले. एक पुरला असता. पण त्याचा राग स्वतःवर होता आणि हातोडा हातात होता.

शनिवारी त्र्यंबकरावांचा गियर आला. नवी शाफ्टही त्यांनीच करून दिली होती. संध्याकाळी आकारामनं जीप जोतिबाच्या पायथ्याच्या एका मुरमाड माळावर नेली. फोर व्हील टाकलं, चढ चढला, काढलं. परत टाकलं, परत काढलं. बारा वेळा. फोर व्हीलचा दांडा लोण्यातनं सुरी जावी तसा जात होता. मग त्यानं डोंगराकडं बघून हात जोडले आणि मनात म्हणाला, देवा, काठीला खांदा द्यायची घाई मला होती, तुला नव्हती.

रविवारी सकाळी साडेआठला संयोगिता आणि गणपतराव एसटीनं आले. आकारामनं गल्लीतल्या माणसांना हाका मारल्या. सोमवारी हसलेली चारच्या चार माणसं त्यानं हाताला धरून आणली.

"सगळ्यांनी ऐका," तो म्हणाला. "गियर हिनं मोडला न्हाय. मी मोडला. चैत्रात मी हिच्या गाडीला दुसऱ्याचं हौसिंग बसवलंवतं. पोरीचा हात चांगला हाय. हात माझा वाईट."

माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. गणपतरावांनी टोपी काढून परत घातली. संयोगिता जीपला एक फेरी मारून आली आणि चावीसाठी हात पुढं केला.

"सभा अकराला हाय," ती एवढंच म्हणाली.

"मी येणार हाय."

"या."

आकाराम मागं, वाटेत डेअरीवरनं घेतलेल्या रिकाम्या कॅनांमध्ये बसला. वाडीच्या चढाला चिखल लागला तसं तिनं फोर व्हील टाकलं, मुरूम लागला तसं काढलं. दांड्याला तिचा हात लागला कधी नि सुटला कधी, मागं बसलेल्याला कळलंही नाही.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. चाळीसेक माणसं. सयाजीराव खुर्चीत, धैर्यशील इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या ओळीत. आकाराम उभा राहिला आणि गल्लीत सांगितलं तेच इथं सांगितलं.

सगळे सयाजीरावांकडं बघायला लागले. आणि मग सयाजीराव हसले.

"मिस्त्री, मोठं मन हाय तुमचं. गणपतरावांची आणि तुमची जुनी वळख, आमाला ठाव हाय. पण आमी काय बारकी पोरं न्हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे, पोरीला वाचवाय तुमी स्वतःवर घ्यालाय! आकाराम मिस्त्री चुकतोय व्हय!"

अख्खा व्हरांडा हसला. मागनं कुणीतरी म्हणालं, "देवमाणूस हाय!" बायकांच्या बाजूनंही कौतुकाचं "व्हय की गं" ऐकू आलं. आकारामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जन्मभर कमावलेलं नाव आज पोरीच्या वाटेत आडवं पडलं होतं. सोमवारी रागाच्या भरात बोललेलं खोटं यांनी एका ऐकण्यात गिळलं, आणि आज खरं सांगतोय तर घशाखाली उतरेना!

"दाते मोजून दाखवू?" तो ओरडला.

"आता तर तुमी बदलून आणलंय म्हणता. मग काय मोजायचं?" सयाजीराव म्हणाले. तेही बरोबरच होतं.

आकारामनं संयोगिताकडं बघितलं. ती खांबाला टेकून उभी होती, कुणाकडंच न बघता.

"पोरी, हिकडं ये," तो म्हणाला. "सोमवारी तू मला काय तर सांगाय लागलीवतीस. आदल्या दिवशीबी, म्हणालीस, आणि मी तोंड धरलं. ते आता सांग. पयल्यापासनं."

ती खांबापासनं हलली नाही. मग तिथूनच बोलायला लागली. आधी हळू, मग खणखणीत. चैत्रापासनं चढाला ओढ कमी झाली. पाऊस पडल्यावर चिखलात फोर व्हील टाकलं तर ठीक, पण वर मुरमावर आलं की स्टेरिंग जड. गेल्या रविवारी दांडा अडकला, निघेना.

"मग काय केलीस?" आकारामनं विचारलं.

"जोर न्हाय लावला. गाडी दोन हात मागं घेतली. तसा दांडा आपसूक सुटला."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाय. वाटलं, काय तर पिळून बसलंय. उलट फिरवलं तर सुटंल. दोरीचं सुटतंय तसं. सोमवारी परत अडकला, पण मागं घ्यायला जागा न्हवती. मागं पोरं चालत येत हुती. म्हणून पुढं घेतली, आणि तुटलं."

कुणी हसलं नाही.

आकाराम धैर्यशीलकडं वळला. "भावा, तुझा दांडा अडकला असता तर काय केलंवतंस? खरं सांग."

धैर्यशील गडबडला. "काय करायचं? जोर लावायचा. हातोडीनं दोन दणकं."

"ऐकलासा?" आकाराम सगळ्यांकडं बघत म्हणाला. "माझ्याकडं शंभर ड्रायव्हर येत्यात. अडकलेला दांडा मागं घेऊन सोडवायचा, हे त्यातल्या दोघांना म्हाईत असंल. हिनं ते न शिकता वळखलं. माझ्या चुकीच्या गाडीवर हिनं पाऊस लागल्यापासनं दोन आठवडं तुमचं दूध आणि तुमची पोरं खाली-वर केली, आणि गाडी दरीत गेली न्हाय, ती हिच्या हातामुळं. दुसरा कोण असता तर आज सभा न्हाय, दुखवटा असता. आणि मी चुकलोय म्हणतोय तर चुकलोय! माझी चूक माझ्यापेक्षा तुमाला जास्त कळती व्हय?"

सयाजीरावांनी दाढी खाजवली. शेजारच्या दोघांशी कुजबुजले. गेल्या रविवारी दांडा अडकला तेव्हा गाडीत बसलेला एक म्हातारा उठून म्हणाला, "मागं घेतलीवती खरी. मला वाटलं, पोरगी घाबरली." त्यानंतर फार बोलणं झालं नाही. दूध संयोगिताकडंच राहिलं. धैर्यशीलनं स्वतःच हात वर केला, आणि तो प्रामाणिकपणे केला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

गणपतराव आकारामच्या दंडाला धरून नुसते उभे राहिले. आकारामला वाटलं, झालं. छातीवरचा दगड उतरला. तो पाठ चोळत जीपकडं आला. संयोगिता भरलेले कॅन चढवून दोरी आवळत होती.

"मामा," ती दोरी न सोडता म्हणाली. "सभेत जे सांगितलं, ते सगळं मी सोमवारी सांगाय लागलेले."

"व्हय."

"तुमी भूत म्हणालासा. सगळी हसली."

"हौसिंगची चूक झाली गं पोरी, यात्रेच्या घाईत..."

"हौसिंगचं न्हाय म्हणत मी. ते हुतंय."

आकारामनं जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. इंजिनाचा बारीक आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस तो. आणि माणूस समोर उभा राहून रोग सांगत होता, तर त्यानं चार लोकांना हसवलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवले नाहीत.

"हौसिंग घाईत चुकलं," तो म्हणाला. "तुझं ऐकलं न्हाय, तवा मला कसलीच घाई न्हवती. बाई हाईस म्हणून न्हाय ऐकलं. चुकलो मी."

संयोगितानं दोरीची गाठ मारली, ओढून बघितली आणि ड्रायव्हरच्या जागेवर चढली. बाजूच्या सीटवरची पावसाची ताडपत्री उचलून तिनं मागं टाकली.

"पुढं बसा," ती म्हणाली. "आणि खालच्या वळणावर चाकातनं बारीक कट्‌कट्‌ येती ती ऐका. मी सांगते कुठनं येती."

"सांग," आकाराम म्हणाला, आणि पुढं बसला.